पावती क्रमांक ३४३

पावती क्रमांक ३४३, दिनांक ४ डिसेंबर २०१८. बाल्कनीचं स्लायडिंग, दोन शटर काढून चार बेअरिंग बदलले, रबर नवीन, लॉक एक. एकूण १,८५० रुपये, रोख मिळाले. खाली माझी सही. गिऱ्हाइकाच्या सहीची जागा कोरी.

ती जागा कोरी का राहिली, तर काकू आतून चहा घेऊन आल्या आणि मी बिलबुक बाजूला ठेवलं. एवढंच. पुढे साडेपाच वर्षं त्या कोऱ्या जागेनं माझी झोप खाल्ली.

माझं नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडे ॲल्युमिनियम स्लायडिंगचं छोटं दुकान आहे. खिडक्या, जाळ्या, बाथरूमचे दरवाजे. ज्या घरात मी हे काम केलं ते इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर. १६ डिसेंबरच्या रात्री घरचे सगळे जळगावला लग्नाला गेलेले असताना त्याच बाल्कनीच्या स्लायडिंगमधून चोर आत शिरले आणि अकरा तोळे सोनं व चाळीस हजार रोख घेऊन गेले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नऊ जानेवारीला दुपारी फोन आला, "पोलीस स्टेशनला येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे."

मी गेलो. पहिली चूक ती. बायको म्हणत होती, कुणाला तरी विचारून जा. मी म्हटलं, आपण काही केलंच नाही तर घाबरायचं कशाला? पुढे वकील मॅडमनी शांतपणे सांगितलं, की त्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्याकडे आला असता तर सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकता आला असता, मिळाला असता की नाही ते वेगळं. एकदा स्वतःच्या पायानं आत गेलात की तो दरवाजा बंद.

आत डीबीवाले होते, म्हणजे गुन्हे शोध पथक. त्यांनी विचारलं, या घरी कधी गेला होतास? मी लगेच सांगितलं, डिसेंबरच्या सुरुवातीला काम केलं होतं. मला वाटलं विषय संपला. त्यांना वाटलं विषय सुरू झाला. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर त्यांच्या टेबलावरच होतं, त्यात माझं नाव, मोबाइल नंबर, वेळ, सगळं माझ्याच अक्षरात. घर माहीत, खिडकी माहीत, लॉक यानेच बसवलेलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही माझाच संशय आला असता, हे मी आज म्हणू शकतो. तेव्हा म्हणू शकलो नसतो.

संध्याकाळी बोटांचे ठसे घेतले. रात्री अटक दाखवली. बायकोला फोन त्यांनीच केला, हे खरं सांगायला हवं. सिव्हिलला नेऊन तपासणी केली आणि दुसऱ्या दिवशी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात उभं केलं. अटकेपासून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, तेवढं पाळलं. मॅजिस्ट्रेटनी मान वर करून विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" माझ्या दंडावर हवालदाराचा हात होता. मी म्हटलं, "नाही." ज्याचा हात दंडावर आहे त्याची तक्रार, ज्याच्याबरोबर परत जायचं आहे त्याची तक्रार, कोण करतं हो? पण त्या 'नाही'ची नोंद होते, आणि ती नंतर खोडता येत नाही.

त्या दिवशी माझ्या बाजूनं जो वकील उभा राहिला तो मेव्हण्याला कोर्टाच्या गेटवरच भेटला होता. पंधरा हजार घेतले, वकालतनाम्यावर सही घेतली, दोन मिनिटं बोलला आणि मग त्याचा फोन कधी लागला नाही. पोलीस कोठडी मिळाली चौदा तारखेपर्यंत. कोर्टातले लोक तिला पीसीआर म्हणतात, आणि नंतरच्या न्यायालयीन कोठडीला एमसीआर. पहिल्या दोन दिवसांत ही अक्षरं माझ्या डोक्यात बसली, कारण एका अक्षरानं माणूस पोलीस स्टेशनात राहतो की जेलात जातो ते ठरतं.

त्या चार दिवसांबद्दल फार लिहीत नाही. दोन गोष्टी लिहितो, कारण त्या पुढे कोर्टात आल्या.

एक म्हणजे मेमोरंडम पंचनामा. दोन पंच बसवले आणि लिहून घेतलं की 'गुन्ह्यात वापरलेला स्क्रू ड्रायव्हर मी माझ्या दुकानातून काढून देतो.' मग गाडीतून मला माझ्याच दुकानात नेलं आणि माझ्याच हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढायला लावला. स्लायडिंगवाल्याच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हर सापडला! शेजारचा टपरीवाला बघत उभा होता. ड्रिल, रिव्हेट गन, पटाशी, सगळी पिशवीच जप्त केली. मी सही केली. दमलो होतो आणि त्यात खोटं असं काही मला दिसत नव्हतं, स्क्रू ड्रायव्हर माझाच होता.

दुसरी म्हणजे घरझडती. बायकोच्या डब्यात लक्ष्मीचं चांदीचं नाणं होतं, आम्ही धनत्रयोदशीला घेतलेलं. फिर्यादीत चोरीला गेलेल्या वस्तूंमध्ये चांदीची दोन नाणी होती. ते नाणं लाख लावून सील झालं. अकरा तोळ्यांपैकी गुंजभरही सोनं माझ्याकडे सापडलं नाही, सापडणार कुठून, पण कागदावर 'मुद्देमाल हस्तगत' असे शब्द आले.

चौदाला एमसीआर झाली. त्या दिवशी भोगी होती. संक्रांत नाशिकरोड जेलमध्ये गेली. तिळगूळ कुणीतरी वाटला, कुणाच्या घरून आला होता माहीत नाही.

बराकीत मला कायदा शिकवणारे दहा जण भेटले आणि दहाही वेगवेगळा शिकवायचे. एकानं सांगितलं, सुप्रीम कोर्टानं २०१४ सालीच अर्नेशकुमारच्या खटल्यात म्हटलंय, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची. मी दोन दिवस त्या आशेवर होतो. पण माझं कलम होतं भारतीय दंड संहितेचं ४५७, रात्रीची घरफोडी. दुसऱ्या एखाद्या शिक्षेच्या गुन्ह्यासाठी केली तर पाच वर्षं, पण चोरी करण्यासाठी केली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. सोबत ३८०, राहत्या घरातली चोरी, सात वर्षांपर्यंत. दिवसाढवळ्या फोडलं असतं तर ४५४ लागलं असतं आणि दहावर थांबलं असतं. म्हणजे सूर्य मावळला होता की नाही, यावर चार वर्षं! (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्यात हेच सगळं कलम ३३१ आणि ३०५ मध्ये गेलंय. आकडे बदलले, वर्षं तीच आहेत.)

पेठ तालुक्यातला एक पोरगा होता, मोबाइल चोरीचा आरोप, वय जेमतेम वीस. त्याला वकीलच नव्हता आणि वकील नसला तर काय करायचं हेही माहीत नव्हतं. जेलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाचे लोक यायचे, त्यांनी फॉर्म भरून घेतला आणि त्याला सरकारी खर्चानं वकील मिळाला. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, आत आहे एवढं पुरतं. तो माझ्याआधी सुटला. मी पंधरा हजार घालवून बसलो होतो. बाहेरून घरच्यांनाही १५१०० वर फोन करून विचारता येतं, पण माझ्या घरच्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

मॅडम मिळाल्या त्या माझ्या मावसबहिणीमुळे. जेलच्या मुलाखतीला आल्या तेव्हा मी अर्धा तास तळमळून सांगत होतो की मी निर्दोष आहे. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "दादा, त्या घरात तुमचा हात कुठे कुठे लागला होता?"

मी म्हटलं, "सगळीकडे. शटर काढलं म्हणजे लागणारच."

"म्हणजे खिडकीच्या काचेवर सापडलेला ठसा तुमचाच असणार."

मी गप्प. माझ्या डोक्यात होतं की ठसा माझा नाहीच म्हणून भांडायचं. त्या म्हणाल्या, "ठसा तुमचाच आहे हे आपण पहिल्या दिवसापासून धरून चालायचं. भांडण ठशाशी नाही, तारखेशी आहे. बिलबुक कुठंय?"

बिलबुक दुकानात होतं. पोलिसांनी स्क्रू ड्रायव्हर नेला, बिलबुक नेलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी जामीन नाकारला. पोलिसांचं म्हणणं, ज्याला कोर्टात नुसतं 'से' म्हणतात, ते ठरलेलं: आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, असेच गुन्हे पुन्हा करील, उरलेला मुद्देमाल हस्तगत करायचा आहे. मॅडम म्हणाल्या हे अपेक्षित होतं, सेशनला जाऊ. तिथे चार फेब्रुवारीला जामीन झाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार आणि दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर रविवारी पोलीस स्टेशनला हजेरी.

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला असं ज्यांना वाटतं त्यांनी जामीनदार शोधून बघावा. माझे मामा निफाड तालुक्यातले. सात-बारा त्यांच्या नावावर, पण ऐपतदाखला हवा, रेशनकार्ड हवं, आधार हवं, फोटो हवे. फेब्रुवारी म्हणजे द्राक्ष काढणीचे दिवस, बागेत व्यापारी उभा, भाव घटकेत वर घटकेत खाली. मामा तो माल तसाच सोडून तहसीलला गेले, तिथून नाशिकला आले. कोर्टात त्यांना विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" मामा म्हणाले, "भाचा. चोर नाही." शिरस्तेदार म्हणाले, "तेवढं विचारलं नाही." सगळं होईपर्यंत पाच तारखेची संध्याकाळ झाली, सुटकेचा कागद जेलला वेळेत पोहोचला नाही आणि मी आणखी एक रात्र आत काढली. तात्पुरता रोख जामीन भरायची परवानगी मागता येते, मग जामीनदार सावकाश द्यायचा, हे मला फार उशिरा कळलं. सहा तारखेला बाहेर आलो. अठ्ठावीस रात्री.

मामांच्या त्या तोडणीचं नुकसान किती झालं हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

दोषारोपपत्र मार्चमध्ये आलं. त्याला साठ दिवसांची मर्यादा असते, नाहीतर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो. चौदा वर्षांची शिक्षा म्हणजे नव्वद दिवस, असं मला बराकीतल्या एकानं ठासून सांगितलं होतं. ते चूक. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्वद दिवस लागायचे ते फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षं शिक्षा असेल तेव्हा. ४५७ ला कमाल चौदा आहे, किमान काहीच नाही. राकेशकुमार पॉलच्या खटल्यात २०१७ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. माझा जामीन आधीच झाला होता म्हणून मला उपयोग नव्हता, पण आत असलेल्याच्या घरच्यांनी दिवस मोजायला शिकावं.

दोषारोपपत्राच्या प्रती घेऊन मॅडमच्या ऑफिसात बसलो. एकशे चार पानं. मी माझ्याविरुद्ध काय आहे ते शोधत होतो, त्या काय नाही ते शोधत होत्या. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "रजिस्टर कुठंय?"

रजिस्टर नव्हतं. ज्या रजिस्टरवरून मला उचललं, तेच कागदात नव्हतं.

मी म्हटलं, मग आत्ताच कोर्टाला सांगा, मला सोडून देतील! दोषमुक्तीचा अर्ज असतो म्हणे. त्या म्हणाल्या, अर्ज असतो, पण त्या टप्प्यावर कोर्ट एवढंच बघतं की प्रथमदर्शनी संशयाला जागा आहे की नाही, आणि ठसा आहे म्हणजे जागा आहे. अर्ज फेटाळला जाईल आणि आपली पावती, आपलं रजिस्टर, सगळं आधीच उघडं होईल. मग साक्षीदार तयारीनं येतील. मला राग आला. महिनाभर मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. दुसरे वकील अर्ज टाकतातही, आणि काहींना यशही येतं, पण माझ्या बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर होता असं मला आज वाटतं.

मग तारखा. २०२० च्या फेब्रुवारीत आरोप ठेवले गेले, "गुन्हा कबूल आहे का?" "नाही." पुढच्या महिन्यात लॉकडाउन. त्यानंतरची दीड-दोन वर्षं मी मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघायचो, एवढाच खटला. तीन न्यायाधीश बदलले. तारखेच्या दिवशी दुकान बंद, सकाळी साडेदहाला हजर, पुकारा होईपर्यंत बाकड्यावर, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. न जाऊन चालत नाही, वॉरंट निघतं. घरफोडीच्या आरोपीला सोसायट्यांमध्ये काम कोण देणार? मी दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका शेडवर पत्र्याचं काम केलं.

फिर्यादी काकूंची साक्ष २०२२ मध्ये झाली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला, म्हणजे आधी आपल्या बाजूनं प्रश्न विचारले: लग्नाला गेलो, परत आलो, खिडकी उघडी, कपाट उचकटलेलं. त्या मंगळसूत्राबद्दल बोलताना थांबल्या. चोरी खरोखर झाली होती, या बाईंचं खरोखर गेलं होतं. माझ्या बचावात हे कुणी नाकारत नव्हतं, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांचं दुःख ऐकणं म्हणजे काय, ते मला सांगता येणार नाही.

उलटतपासात मॅडम आवाजही चढवत नाहीत. मॅजिस्ट्रेट कोर्टात साक्ष लिहितात ती एका ठरलेल्या भाषेत. प्रश्न लिहीत नाहीत, उत्तर लिहितात, 'हे म्हणणे खरे आहे की' किंवा 'हे म्हणणे खोटे आहे की'. काकूंचा उलटतपास माझ्याकडे आहे, पाठ झालाय.

'हे म्हणणे खरे आहे की, घटनेपूर्वी माझ्या बाल्कनीच्या खिडकीचे काम आरोपीने केले होते. हे म्हणणे खरे आहे की, पावतीवरील मोबाइल क्रमांक माझ्या मुलाचा आहे. हे म्हणणे खरे आहे की, काम करताना आरोपीने खिडकीचे दोन्ही भाग काढून खाली ठेवले होते. हे म्हणणे खरे आहे की, चांदीचे असे नाणे बाजारात सर्रास मिळते. माझ्या नाण्यावर ओळखीची खूण नव्हती.'

मोबाइल नंबर मान्य झाला आणि पावतीला निशाणी पडली, नि. ३८. कोर्टात कागदाला नंबर पडणं याला निशाणी पडणं म्हणतात. त्याआधी तो नुसता कागद असतो.

सरकारी वकीलही हुशार होते. त्यांनी फेरतपासात विचारलं, खिडकीची काच किती दिवसांनी पुसता? म्हणजे बारा दिवसांत पुसली गेली असेल, तर ठसा नंतरचा. काकू म्हणाल्या, "दिवाळीला पुसतो." न्यायाधीशसुद्धा हसले. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. माझं काम चार डिसेंबरचं. काकूंच्या आळसानं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच आळसानं, मला वाचवलं.

ठसेतज्ज्ञांची साक्ष सगळ्यात छोटी झाली. मला वाटलं होतं मॅडम त्यांच्यावर तुटून पडतील. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता हे खरं? खरं. ठसा किती जुना आहे हे तपासणीतून सांगता येत नाही हे खरं? खरं. घरात, पाऊस-ऊन न लागणाऱ्या काचेवर ठसा बरेच दिवस टिकू शकतो हे खरं? खरं. बसल्या.

आतल्या बाजूचा मुद्दा पोलिसांच्या दृष्टीनं मोठा होता: आत शिरल्याशिवाय आतल्या काचेला हात कसा लागेल? इथे माझा धंदा कामाला आला. मी मॅडमना दुकानात एक जुनं शटर काढून दाखवलं होतं. स्लायडिंगचं शटर वर उचलून खालच्या ट्रॅकमधून तिरकं बाहेर काढतात, तेव्हा एक तळवा आतून, एक बाहेरून लावावाच लागतो, नाहीतर काच सटकते. मग ते मांडीवर आडवं घेऊन खालचं बेअरिंग बदलायचं. आत-बाहेर असं काही राहतच नाही. शिवाय ठसा ज्या ठिकाणी होता ती जागा मी शटर उचलताना बोटं ठेवतो नेमकी तीच होती, खालून वीतभर. चोर खिडकी सरकवताना तिथे हात लावणार नाही, तो मधे लावेल, लॉकजवळ. हे तपास अधिकाऱ्याला विचारलं तेव्हा त्यांनी 'सांगता येणार नाही' म्हटलं. तेही लिहिलं गेलं.

रजिस्टरसाठी मॅडमनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली अर्ज केला, की कागद पोलिसांच्या ताब्यात आहे, तो कोर्टापुढे आणावा. आला. चार डिसेंबर, सकाळी अकरा दहा, माझं नाव, फ्लॅट नंबर, काम 'खिडकी'. बाहेर पडल्याची वेळ दीड. 'सदर रजिस्टर दोषारोपपत्रासोबत का दाखल केले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.' तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतलं हे वाक्य मी एकदा मोठ्या अक्षरात छापून दुकानात लावणार होतो. बायकोनं अडवलं.

मेमोरंडमचे दोन पंच. एक फितूर झाला, म्हणाला पोलीस स्टेशनला सह्या केल्या, दुकानात गेलोच नाही. दुसरा टिकला, पण त्यानं सांगितलं की पिशवी दुकानात समोरच लटकत होती. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, आरोपीनं सांगितल्यामुळे एखादी लपलेली गोष्ट सापडली तर तेवढाच भाग चालतो. समोर लटकणारी पिशवी लपलेली कशी?

सीसीटीव्हीचं मात्र गंमतीशीर झालं. पेनड्राइव्हमध्ये रात्री पावणेतीनला कंपाउंडवरून उतरणारी दोन माणसं होती, माकडटोप्या घातलेली. दोघंही माझ्यापेक्षा हातभर उंच. मला ते फुटेज कोर्टानं बघावं असं फार वाटत होतं. पण त्याला पुरावा कायद्यातलं ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं, आणि २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर निकालात, आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या, सुप्रीम कोर्टानं ते सक्तीचं असल्याचं पक्कं केलं. मूळ डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, कुणी जपला नव्हता. म्हणून ते फुटेज पुराव्यात धरलं गेलं नाही. आणि मी काम झाल्यावर काकूंच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, तोही त्याच कारणानं राहिला, फोन जप्तीत बंद पडलेला. मी संतापलो. मॅडम म्हणाल्या, "नियम तुमच्यासाठी वेगळा करायचा का?"

मी त्या रात्री सिन्नरला बहिणीकडे जागरण-गोंधळाला होतो. पन्नास माणसांनी पाहिलं. तरी आम्ही तो बचाव घेतला नाही. सगळे साक्षीदार नात्यातले, आणि आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. ते कोसळलं तर चांगल्या मुद्द्यांवरही धूळ बसते. आई अजून म्हणते, "पन्नास माणसं होती रे."

पुरावा संपल्यावर आरोपीचा जबाब असतो, तेव्हा तो त्याच संहितेच्या कलम ३१३ खाली व्हायचा. न्यायाधीश एकेक पुरावा वाचून विचारतात, याबाबत तुमचं काय म्हणणं? बाकावर बसलेले बहुतेक आरोपी प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणतात. माझीही जीभ तशीच वळली होती. मॅडमनी आदल्या दिवशी तीनदा घोकून घेतलं: बाकीच्याला काय म्हणायचं ते म्हणा, ठशाला खोटं म्हणायचं नाही. प्रश्न आला. मी म्हटलं, "ठसा माझाच आहे. चार डिसेंबरला शटर काढताना लागलेला आहे. पावती दाखल आहे." न्यायाधीशांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. अख्ख्या खटल्यात मी जे बोललो ते एवढंच.

निकाल एप्रिल २०२४ मध्ये लागला. कलम ४५७ आणि ३८० खालच्या गुन्ह्यांतून निर्दोष मुक्त. आत कुठेतरी 'संशयाचा फायदा' असे शब्द होते, ते मला खुपले. मॅडम म्हणाल्या, "निर्दोष ते निर्दोष, शब्द मोजू नका." पण पोलीस पडताळणीचा कागद बघणारा माणूस शब्द मोजतो, हे मला त्यानंतर दोन सोसायट्यांनी दाखवून दिलं.

कॉरिडॉरमध्ये काकू भेटल्या, त्या कशासाठी आल्या होत्या माहीत नाही. म्हणाल्या, "आम्ही तुमचं नाव घेतलं नव्हतं हो." फिर्याद मी इतक्या वेळा वाचली होती की मला माहीत होतं. हे म्हणणे खरे आहे. त्यांचं सोनं अजून सापडलेलं नाही.

सरकारला अपिलासाठी नव्वद दिवस होते, तेवढे आम्ही श्वास रोखून काढले. अपील झालं नाही. मग दोन अर्ज केले. निर्दोष सुटलेल्याचे ठसे नोंदीतून नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे, १९२० च्या जुन्या कायद्यातही होती आणि २०२२ च्या नव्यातही आहे. तो अर्ज अजून फिरतोय. दुसरा जप्त सामानाचा. गंमत म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जप्त मालमत्ता परत देण्याचं एक कलमही ४५७ च होतं. मॅडम म्हणाल्या, बघा, एका ४५७ नं नेलं, दुसऱ्या ४५७ नं देतायत.

ऑगस्टमध्ये पिशवी आणायला गेलो. ड्रिलचा चक गंजून घट्ट झालेला. चांदीचं नाणं काळं पडलेलं. स्क्रू ड्रायव्हरला लाख आणि चिठ्ठी तशीच होती, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या, एक फितूर झालेल्याची. मुद्देमाल कारकुनानं रजिस्टर पुढे सरकवलं. "लिहा, सामान मिळाले, तक्रार नाही. खाली सही."

मी 'सामान मिळाले' एवढंच लिहिलं, तारीख टाकली, सही केली. ते बघत राहिले, मग त्यांनीही सही केली.

"याची एक कॉपी द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"असू द्या. आणि त्यावर तुमचीही सही लागेल."